कार्तिकीच्या दिंडीलाही रस्ता द्या

प्रति,
महाराष्ट्रातील रस्ते, वाहतूक आणि पोलीस या खात्यांचा कारभार पाहणारे सर्व मान्यवर अधिकारी



हे पत्र सोपान महाराज नामदास यांच्या आठवणीने लिहितो आहे. दिवस होता मंगळवार, १९ नोव्हेंबर २०१९. संत नामदेव महाराजांची पालखी पंढरपूरहून आळंदीला चालली होती. सासवड मागे टाकून दिंडी सकाळी दिवे घाट उतरत होती. उतारावर मागून एक जेसीबी आला आणि थेट दिंडीत शिरला. ब्रेक निकामी झाले होते, असं नंतर सांगण्यात आलं. नामदेवरायांचे सतरावे वंशज सोपान महाराज त्यात गेले. त्यांच्यासोबत आणखी एक तरुण वारकरी गेला, अनेक जण जखमी झाले. महाराज कीर्तनकार होते, वय पस्तिशीच्या आसपास. आमच्या संप्रदायात या वयाच्या कीर्तनकाराला लोक अजून ‘होतकरू’ म्हणतात. पुढची तीस-चाळीस वर्षं त्याने उभं राहायचं असतं आणि आम्ही मागे टाळ धरायचा असतो.

माझी त्यांच्याशी घसट नव्हती. मी एका साध्या दिंडीतला टाळकरी आहे, आणि नामदास घराण्याकडे आम्ही सगळे लांबूनच हात जोडून पाहतो. तरी ती बातमी वाटेत कळली तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखी आमच्या दिंडीची अवस्था झाली होती. असं का झालं हे आपल्याला सांगायला हवं. ते कळल्याशिवाय पुढच्या मागण्या आपल्याला कागदी वाटतील.

शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वर माउलींनी आळंदीत समाधी घेतली. वय वर्षं एकवीस. त्या प्रसंगाचं वर्णन आमच्यापर्यंत आलं ते नामदेवरायांच्या समाधीच्या अभंगांतून. ज्ञानदेव जाताना पाहणारा, रडणारा आणि ते रडणं शब्दांत मांडून ठेवणारा माणूस म्हणजे नामदेव. तेही तेव्हा पंचविशीतच होते. समाधीची जागा नामदेवांच्या मुलांनी झाडून स्वच्छ केली, असं परंपरा सांगते. त्यानंतर नामदेवराय पन्नासहून जास्त वर्षं जगले, पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची पदं गुरू ग्रंथसाहिबात गेली. मात्र त्यांच्या घराण्याने आळंदीची त्रयोदशी सोडली नाही. दर कार्तिकात नामदेवांची पालखी आळंदीला येते, आणि समाधीच्या दिवशी नामदास महाराज कीर्तनाला उभे राहतात. एका एकवीस वर्षांच्या मुलाच्या जाण्याचं दुःख सातशे वर्षांहून जास्त काळ एकाच घराने असं सांभाळलं आहे. त्या कीर्तनात आजही धट्टीकट्टी माणसं हुंदके देतात, हे मी पाहिलं आहे.

सोपान महाराज त्याच त्रयोदशीसाठी निघाले होते. ती आठवड्याभरावर आली होती. ज्ञानदेवांसाठी रडायला निघालेल्या घरातलाच एक तरुण वाटेत गेला. ज्या गावाहून ते घाटाकडे निघाले त्या सासवडला, कऱ्हेच्या काठी, ज्ञानदेवांचे धाकटे भाऊ सोपानदेव यांची समाधी आहे. माउलींनंतर महिन्याभराने मार्गशीर्षात त्यांनी देह ठेवला. एकाच नावाचे दोघे, एकाच रस्त्यावर. आमच्या दिंडीत त्या रात्री हे सगळ्यांच्या मनात होतं, पण उच्चारायला कोणी धजलं नाही.

आता तक्रार. ती मी आदर राखूनच मांडतो, कारण आषाढीत आपली माणसं काय कष्ट घेतात हे आम्ही दरवर्षी पाहतो. माउलींची पालखी ज्या दिवशी दिवे घाट चढते त्या दिवशी घाटात एकही मालमोटार नसते. वाहतूक आधीच दुसऱ्या रस्त्यांवर वळवलेली असते. पोलीस रात्रभर उभे असतात, पाण्याचे टँकर असतात, दवाखान्याच्या गाड्या असतात. तुमच्या एखाद्या हवालदाराने म्हाताऱ्या माउलीचं गाठोडं स्वतः उचललं आहे, असंही मी पाहिलं आहे. त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत.

कार्तिकीला त्याच घाटात, त्याच रस्त्यावर, त्याच विठ्ठलाचं नाव घेत आम्ही चालतो तेव्हा यातलं जवळजवळ काहीच नसतं. आळंदीत आणि पंढरपुरात बंदोबस्त असतो, पण तो गर्दी जमते तिथे. वाटेवर मात्र आम्ही आणि गाड्या. आषाढीला लाखो माणसं एका प्रवाहात चालतात, त्यामुळे गाड्यांना थांबावंच लागतं. कार्तिकीच्या दिंड्या लहान असतात. कुठे चाळीस माणसं, कुठे दीडशे, बरोबर तांदूळ-पीठ आणि गॅसची शेगडी घेतलेला एक टेम्पो. त्या कोकणातून बोरघाट चढून येतात, नगर-नाशिककडून येतात, मराठवाड्यातून येतात, कोल्हापूर-सांगलीकडून पंढरपूरला जातात. कॅमेरा त्यांच्याकडे येत नाही, आणि बंदोबस्तही येत नाही.

गेल्या काही वर्षांतल्या घटना आठवून पाहा. दिवे घाट, नोव्हेंबर २०१९. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, मावळात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर आळंदीला निघालेल्या दिंडीत पिकअप गाडी घुसली आणि बायका गेल्या. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ कोल्हापूरकडच्या दिंडीवर मोटार गेली, सात माणसं गेली. ती कार्तिकीच्या एकादशीसाठी पंढरपूरला निघाली होती. डिसेंबर २०२३ च्या सुरुवातीला नाशिक-पुणे महामार्गावर, संगमनेर तालुक्यात, शिर्डीहून आळंदीला चाललेल्या दिंडीत कंटेनर शिरला. चार वारकरी गेले. प्रत्येक वेळी मागून किंवा बाजूने आलेली भरधाव गाडी, आणि प्रत्येक वेळी कार्तिकीचा काळ. ही यादी मी एका टाळकऱ्याच्या आठवणीतून केली आहे. आपल्याकडे कागदपत्रं आहेत, आपली यादी याहून लांब असेल.

या सगळ्याला योगायोग म्हणता येणार नाही, कारण कार्तिकात रस्त्याचं रूपच बदललेलं असतं. दिवस लहान झालेला असतो. सहाच्या सुमाराला अंधारतं, आणि पहाटे काकडा आटोपून निघावं तर धुकं असतं, घाटात जास्तच. साखर कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू झालेले असतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, त्याच रस्त्यावर असतात. त्यांना चुकवायला मोटारी बाजूला येतात आणि बाजूला आम्ही असतो. पाऊस संपला म्हणून रस्त्यांची, खाणींची, बांधकामांची कामं जोरात चालू झालेली असतात, त्यामुळे डंपर आणि जेसीबी वाढलेले असतात. दिंडीत बहुतेक ठिकाणी पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणेकरी, आणि शेवटी तुळस-हंडा घेतलेल्या बायका असतात. म्हणजे मागून गाडी आली की पहिला घाला बायकांवर. टाळ-मृदंग चालू असताना मागचा हॉर्न ऐकू येत नाही, ही गोष्ट तर दिंडीत न चाललेल्या माणसाच्या ध्यानातच येत नाही. गजर रंगला की आम्हाला शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही.

आपण म्हणाल, पालखी मार्ग होतो आहे. होय, होतो आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ज्ञानेश्वर महाराज आणि तुकाराम महाराज पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली आणि दोन्ही बाजूंना चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र वाट असेल असं सांगितलं गेलं. त्याचं आम्ही मनापासून स्वागत केलं. पण वरची यादी पुन्हा वाचा. मावळ, जुनोनी आणि संगमनेर, ही तीनही ठिकाणं त्या दोन मार्गांवर नाहीत. कार्तिकीची दिंडी महाराष्ट्राच्या कुठल्याही गावातून निघते आणि जो रस्ता समोर येतो त्याने चालते. दोन मार्ग रुंद करून तिचं रक्षण होणार नाही. रुंद झालेल्या रस्त्यावर गाड्यांचा वेग वाढतो, हेही आपण जाणताच.

२०२३ मध्ये वारकऱ्यांसाठी विमा छत्र योजना जाहीर झाली. वारीत मृत्यू आला तर कुटुंबाला पाच लाख रुपये, अशी ती चांगली योजना होती. ती होती आषाढीच्या तीस दिवसांसाठी. कार्तिकीला पायी चाललेल्या माणसाची बायको आणि मुलं वेगळी असतात का, एवढंच मला नम्रपणे विचारायचं आहे.

इथे आपल्याशी बोलता बोलता माझ्या स्वतःच्या माणसांशीही थोडं बोलावं लागेल. आपण ते ऐकावं. असा अपघात झाला की आमच्यातलेच मोठे लोक म्हणतात, वारीच्या वाटेवर मरण आलं, केवढं भाग्य. सोपान महाराजांबद्दलही हे बोललं गेलं. बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो, दुःखाला आधार हवा असतो म्हणून ते तसं बोलतात. परंतु हे वाक्य सरकारी कचेऱ्यांपर्यंत पोहोचलं की त्याचा अर्थ असा होतो, की या लोकांची तक्रार नाही. मग चौकशी सैल पडते, वर्ष उलटतं, आणि पुढच्या कार्तिकात दुसरी दिंडी.

आमच्या संतांनी अपघाताला भाग्य म्हटलेलं नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा मजुरांसोबत ढिगाऱ्याखाली गेले. १३३८ सालची गोष्ट, परंपरेनं जपलेली. म्हातारे झालेले नामदेवराय पंढरपूरहून तिथे गेले. ढिगाऱ्यातली हाडं एक एक उचलून कानाला लावली, ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखली, आणि ती आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. आजही नामदेव पायरीसमोर ती आहे. महार म्हणून ज्याला देवळात येऊ दिलं नाही, तो कामावर मेला, तर त्याला ‘देवाची इच्छा’ म्हणून ढिगाऱ्यात राहू दिलं नाही नामदेवांनी. त्यांच्या घरातला मुलगा घाटात यंत्राखाली गेला आहे. आम्ही त्यावर भाग्याचं पांघरूण घातलं तर आम्ही नामदेवांचे कसले वारकरी?

त्या यंत्राच्या चालकावर राग काढण्यासाठी मी हे लिहीत नाही. रोजगारासाठी स्टिअरिंगवर बसलेला माणूस आणि रस्त्यावर चालणारा माणूस, दोघेही गरिबांच्याच घरचे असतात. माझा प्रश्न त्याच्या वरच्यांना आहे. मातीकामाची अवजड यंत्रं लांब अंतरावर ट्रेलरवर घालून नेण्याऐवजी ट्रेलरचं भाडं वाचवायला त्यांच्याच चाकांवर सोडली जातात, हे राज्यात कुठल्याही घाटात उभं राहिलं तर दिसतं. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की तो तापतो आणि धरत नाही, हे ड्रायव्हिंग शिकणाऱ्यालाही सांगतात. मग नामदेवांची पालखी घाटात असताना असं यंत्र घाटात सोडलं जातं, आणि ते अडवायला माथ्यावर कोणी नसतं. हे कोणाच्या कामात येतं? मोटार मालकाच्या, परिवहन खात्याच्या, की वाहतूक पोलिसांच्या? आपण सगळे मिळून याचं एक उत्तर द्यावं.

मिरवणुकीच्या जवळून जाताना ताशी २५ किलोमीटरहून जास्त वेगाने गाडी चालवू नये, असं रस्त्याच्या नियमांत १९८९ मध्येच लिहिलेलं होतं. दिंडी ही मिरवणूक नाही तर काय आहे? त्या नियमाखाली दिंडीजवळून सुसाट गेलेल्या एखाद्या गाडीवर कारवाई झाल्याचं मी तरी कधी पाहिलेलं नाही. शेकड्याने गाड्या आमच्या धोतराला वारा लावून जातात.

मला आपल्याकडून हवं आहे ते असं.

कार्तिक शुद्ध दशमीपासून आळंदीची त्रयोदशी उरकून दिंड्या घरी पोहोचेपर्यंत, आणि त्याआधी पंढरपूरकडे जाणाऱ्या दिवसांत, ज्या घाटात दिंडी असेल त्या घाटात डंपर, जेसीबी आणि अवजड मालमोटारी तेवढ्या तासांपुरत्या माथ्यावर आणि पायथ्याला थांबवाव्यात. दिवे घाटाला तर हे पहिलं मिळावं. दिंडी घाट उतरायला फार तर दोन-तीन तास लागतात, तेवढा वेळ माल थांबला तर कोणाचंही दिवाळं निघणार नाही. बोरघाटालाही हेच.

दिवे घाटाच्या उतारावर ब्रेक सुटलेल्या गाडीला शिरायला चढणीचा, वाळू-खडीचा एक फाटा असावा, जिथे ती रुतून थांबेल. डोंगरी रस्त्यांवर अशी सोय करतात. घाटाचं काम चालू आहेच, तर त्यातच ही सोय व्हावी.

लहान दिंडीच्या मागे पन्नास-शंभर पावलांवर एक पिवळा दिवा लावलेली गाडी हवी. ती पोलिसांची असायलाच हवी असं नाही. आमच्याच टेम्पोला मागे ठेवायची परवानगी, दिवा आणि रिफ्लेक्टरचा फलक द्या, आम्ही माणूस बसवतो. बाकीच्यांना, निदान शेवटच्या ओळीतल्या बायकांना, चमकणाऱ्या पट्ट्या द्याव्यात. काही दिंड्या स्वतःच्या पैशाने ते करू लागल्या आहेत, पण भाकरीला महाग असलेल्या दिंडीने ते कुठून आणावं? आणि उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसेल तर त्या कारखान्याच्या काट्यावरच अडवा. काट्यावर प्रत्येक ट्रॉली थांबतेच, तिथे तपासायला वेगळी फौज लागत नाही.

दिंडीने रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालावं, हेही एकदा ठरवून सांगा. आम्ही गाड्यांसारखे डाव्या बाजूने चालतो, म्हणजे मृत्यू पाठीमागून येतो. समोरून येणारी गाडी निदान दिसते. पण उजवीकडून चाललो की ट्रॅफिकवाले हटकतात. जे योग्य ते आपण लिहून द्या, चोपदार दिंडीला तसं चालवतील. दिंडीत चोपदाराचा शब्द आपल्या शिट्टीपेक्षा जास्त ऐकला जातो.

विम्याचं कवच कार्तिकीलाही द्या. आणि आषाढी-कार्तिकीच्या वाटेवर रस्त्यात गेलेल्या माणसांची एक वही ठेवा. नाव, गाव, तारीख, रस्ता, गाडी, कारण, आणि पुढे काय झालं. ती दरवर्षी लोकांसमोर मांडा. सोपान महाराज नामदेवांच्या घरातले म्हणून मला त्यांचं नाव ठाऊक आहे. जुनोनीला गेलेल्या सात जणांची नावं सांगा म्हटलं तर मला सांगता येणार नाहीत, आणि ही गोष्ट मला टोचते. त्यांच्या घरीही कोणाचा तरी लाडका गेला आहे, ज्याला विठ्ठलाचं वेड होतं.

एवढ्या दिंड्या, एवढे रस्ते, त्यांचा हिशोब कुठून आणायचा, असं आपण म्हणाल. तो हिशोब छापलेला असतो. प्रत्येक दिंडीची दरवर्षी पत्रिका निघते. तिच्यावर तारीखवार लिहिलेलं असतं, सकाळचा चहा कुठे, दुपारचं जेवण कोणाकडे, रात्रीचा मुक्काम कोणत्या गावच्या मंदिरात. दात्यांची नावं असतात, प्रमुखाचा फोन असतो. या पत्रिका एकत्र केल्या तर कार्तिकातल्या कुठल्या दिवशी, कुठल्या रस्त्यावर, किती माणसं चालत आहेत हे एका टेबलावर मांडता येईल. पत्रिका दसऱ्याच्या सुमारास छापून होतात. आमच्या तालुक्यातल्या आणि ओळखीतल्या दिंड्यांच्या पत्रिका गोळा करून देण्याची जबाबदारी मी घेतो. त्या कोणत्या कचेरीत, कोणाच्या हाती द्यायच्या, एवढं दसऱ्याच्या आधी कळवावं.

आपला नम्र,
कार्तिकीच्या दिंडीतला एक टाळकरी